मोजलेली संख्या आणि मानलेली संख्या

शतपथब्राह्मणाच्या दहाव्या कांडाला परंपरेने 'अग्निरहस्य' असे नाव दिले आहे. या कांडात ऋचांच्या विस्ताराचे एक परिमाण येते. प्रजापतीने निर्माण केलेल्या सर्व ऋचा एकत्र मांडल्या तर त्या १२,००० बृहती होतात, असे तेथे सांगितले आहे. बृहती हा ३६ अक्षरांचा छंद. म्हणजे ऋचांची अक्षरे ४,३२,००० झाली. पुढे शौनकाच्या नावावर असलेल्या अनुवाकानुक्रमणीतही हीच संख्या आली आणि वेदपाठी परंपरेने ती शतकानुशतके शिरोधार्य मानली. आज उपलब्ध असलेल्या शाकल संहितेतील अक्षरे प्रत्यक्ष मोजली, तर मात्र हिशेब जुळत नाही. व्हान नूटन आणि हॉलंड या संपादकांनी छंदाच्या गरजेनुसार संधी सोडवून संहितेची जी आवृत्ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यातील अक्षरे ३,९५,००० च्या थोडी वर भरतात. सुमारे ३६,००० अक्षरांची तूट राहते.

ज्या परंपरेने पठणात एका स्वराची चूकही खपवून घेतली नाही, तिच्या हिशेबात एवढी तूट कशी राहिली? शाखाभेदाचे कारण सांगण्याची पद्धत आहे. बाष्कल शाखेत शाकल शाखेपेक्षा काही सूक्ते अधिक होती हे खरे. पण त्या आठ सूक्तांनी ३६,००० अक्षरांचा खड्डा बुजत नाही. शिवाय खुद्द ब्राह्मणग्रंथाने पुढच्याच वाक्यात या तर्काची वाट बंद केली आहे. यजुर्मंत्र ८,००० बृहती आणि सामे ४,००० बृहती, असे तो सांगतो. दोहोंची बेरीज पुन्हा १२,०००. म्हणजे ऋचा एका बाजूला आणि यजुस्-साम दुसऱ्या बाजूला घातले, तर तराजूची दोन्ही पारडी एका अक्षराचाही फरक न पडता समतोल राहतात. मोजलेल्या गोष्टी इतक्या नीटस जुळत नाहीत. ही संख्या मोजून आलेली नाही, ती आधी मानलेली आहे.

प्राचीन धर्मग्रंथांतील संख्यांकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ झाल्या आहेत. पहिली रीत श्रद्धेची. तिला प्रत्येक संख्येत एखादे हरवलेले शास्त्र दडलेले दिसते. भारती कृष्णतीर्थांचे गणितावरील पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सूत्रे कोणत्याही ज्ञात वैदिक ग्रंथात सापडत नाहीत, हे अभ्यासकांनी दाखवून दिल्यावरही त्याच्या शीर्षकातील 'वैदिक' हे विशेषण लोकप्रियच राहिले. दुसरी रीत उपहासाची. ब्राह्मणग्रंथ म्हणजे पुरोहितांची निरर्थक बडबड, असा निवाडा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी दिला आणि आपल्या सुशिक्षितांपैकी अनेकांनी तो पडताळून न पाहताच स्वीकारला. दोन्ही रीतींत एक गोष्ट समान आहे : संख्येचे काम मोजणे एवढेच, हे दोघींनाही मान्य आहे. म्हणून एकीला ब्राह्मणकार शास्त्रज्ञ वाटतो, दुसरीला हिशेबात कच्चा. तो या संख्येकडून काय काम करून घेत होता, हा प्रश्न दोघीही विचारत नाहीत.

ते काम समजून घ्यायचे तर संवत्सरापासून आरंभ केला पाहिजे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील दीर्घतम्याच्या प्रसिद्ध सूक्तात कालाचे चक्र येते. त्याला बारा आरे आहेत आणि त्यावर ७२० पुत्र जोडीजोडीने उभे आहेत. ३६० दिवस आणि ३६० रात्री यांच्या त्या जोड्या होत. त्याच सूक्तात पुढे ३६० खुंट्यांचे चक्रही येते. सौर वर्ष ३६० दिवसांचे नसते, हे सूक्तकारांच्या काळी ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. वरुणाला बारा महिने ठाऊक आहेत आणि नंतर जन्माला येणारा महिनाही ठाऊक आहे, असे पहिल्या मंडलातच अन्यत्र म्हटले आहे. तो नंतर येणारा महिना म्हणजे अधिक मास. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त वेदकालीन वर्षमानाची जी चर्चा केली, तिच्यातून ही दुहेरी जाणीव मराठी वाचकापुढे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच आली आहे. आकाशातले वर्ष आणि यज्ञातले वर्ष ही दोन होती. आणि ती दोन आहेत, हे त्या लोकांना कळत होते.

यज्ञातल्या वर्षाचे नाव प्रजापती. शतपथातील कथा अशी : प्रजापतीने देव, मनुष्य, चराचर असे सर्व काही निर्माण केले आणि तो रिता झाला. रितेपणाबरोबर त्याला मृत्यूचे भय वाटू लागले. आपल्यातून बाहेर पडलेली ही सारी भूते पुन्हा आपल्यात कशी आणावीत, असा प्रश्न त्याला पडला. त्याच्या शरीरात ७२० विटा होत्या. त्याने शरीराचे दोन भाग केले, प्रत्येकात ३६० विटा. त्याने साधले नाही. तीन केले, प्रत्येकात २४०, साधले नाही. चार केले, १८० च्या. पाच केले, १४४ च्या. सहा केले, १२० च्या. सात भाग पाडता आले नाहीत. आठ केले, ९० च्या. नऊ केले, ८० च्या. असा हा क्रम पुढे जातो. अकरा, तेरा, चौदा, सतरा, एकोणीस येथे भाग जात नाही, म्हणून तो पुढे सरकतो. शेवटी २४ शरीरे, प्रत्येकी ३० विटांची, या पंधराव्या रचनेशी तो थांबतो. म्हणून पक्षाच्या तिथी पंधरा आणि म्हणूनच वर्षाचे अर्धमास चोवीस, असा निर्वाळा ब्राह्मणकार देतो.

हा उतारा वाचताना आधुनिक वाचकाचा धीर सुटतो. एकच वाक्य आकडे बदलून पुनःपुन्हा येते. पण येथे काय घडते आहे ते पाहिले पाहिजे. ७२० या संख्येचे दोनपासून चोवीसपर्यंतचे सर्व विभाजक, एकही न वगळता आणि एकही चुकीचा न घालता, क्रमाने दिले आहेत. चोवीस आणि तीस ही एकमेकांच्या सर्वांत जवळ येणारी जोडी. त्यापुढे गेले तर तेच आकडे उलटे होऊन येतात. नेमके तेथेच थांबण्याचे भान ग्रंथकाराला आहे. ज्याचा भागाकार इतका चोख आहे, त्याला ऋग्वेदाची अक्षरे मोजता येत नव्हती असे म्हणणे धाडसाचे आहे. गणित त्याच्या हाती होते. फक्त ते एका भयभीत देवाच्या कथेत गुंतलेले होते. आणि कथेचा नायक येथे शस्त्राने नव्हे, तर भागाकाराने मृत्यूशी झुंजतो आहे. जगाच्या धर्मवाङ्मयात असे प्रसंग फार नसावेत.

चोवीस शरीरांनीही प्रजापतीचे काम पुरे होत नाही. मग त्याला दिवसाचे पंधरा आणि रात्रीचे पंधरा मुहूर्त दिसतात. ३६० अहोरात्रांचे मुहूर्त १०,८०० होतात. वेदीमध्ये मोकळी जागा भरणाऱ्या ज्या 'लोकंपृणा' विटा, त्या हे मुहूर्त. आणि त्यानंतर सर्व भूतांकडे पाहत असता प्रजापतीला उमगते, की सारी भूते त्रयी विद्येत, म्हणजे तीन वेदांत, सामावलेली आहेत. म्हणून तो वेदांचेच शरीर करायला बसतो. १२,००० बृहतींच्या ऋचा तो पुनःपुन्हा मांडतो आणि तिसाव्या मांडणीत त्या ४० अक्षरांच्या पंक्ती छंदात येऊन स्थिरावतात. पंक्ती किती होतात? १०,८००. वर्षाच्या मुहूर्तांइतक्या. यजुस् आणि साम यांच्याही तितक्याच. तिन्ही वेदांची मिळून ८,६४,००० अक्षरे. प्रत्येक मुहूर्ताला ८० अक्षरे. मुहूर्तामागून मुहूर्त प्रजापती ऐंशी ऐंशी अक्षरे मिळवत जातो आणि वर्षाच्या अखेरीस तो पुन्हा भरलेला असतो.

आता ४,३२,००० ही संख्या कोठून आली ते स्पष्ट होते. ती ऋग्वेदाच्या पोथीतून आलेली नाही, वर्षातून आलेली आहे. ऋग्वेद हा वर्षाच्या मापाचा आहे, एवढेच तिला सांगायचे आहे. ब्राह्मणग्रंथांची या विचाराला स्वतःची संज्ञा आहे : बंधू. दोन भिन्न वस्तूंना आतून जोडणारे नाते म्हणजे बंधू, आणि ते सिद्ध करण्याचे सर्वांत विश्वासाचे साधन म्हणजे संख्या. गायत्रीचा पाद आठ अक्षरांचा आणि वसू आठ. त्रिष्टुभाचा अकरा आणि रुद्र अकरा. जगतीचा बारा आणि आदित्य बारा. ऐतरेय आरण्यकात एक हजार बृहतींची अक्षरे ३६,००० होतात असे सांगून, शंभर वर्षांच्या मानवी आयुष्याचे दिवसही तितकेच, हे ध्यानी आणून दिले आहे. तेथे एक सुंदर तपशील येतो : व्यंजनांनी रात्री मिळतात आणि स्वरांनी दिवस. व्यंजन स्वराच्या आधारानेच उच्चारले जाते, हे ज्याच्या कानाला ठाऊक आहे त्यालाच असे सुचते. (आरंभी सांगितलेली तूटही ३६,००० च्या आसपास आहे, हा निव्वळ योगायोग; त्यावरून गूढ सूत्र काढण्याचा मोह टाळलेला बरा. संख्यांच्या अभ्यासात योगायोगांचा सुकाळ असतो.)

बंधू जुळला नाही तर काय होते, हे सांगणारी कथा त्याच दहाव्या कांडात लगेच पुढे आहे. देवांना अमर व्हायचे होते. त्यांनी अग्निहोत्र केले, दर्शपूर्णमास केले, चातुर्मास्ये, पशुयाग, सोमयाग केले. अमरत्व मिळाले नाही. मग त्यांनी अग्निचयन केले. परिश्रित म्हणजे वेदीभोवतीचे दगड त्यांनी अपरिमित मांडले, यजुष्मती विटा अपरिमित मांडल्या, लोकंपृणा विटाही अपरिमित मांडल्या. तरीही अमरत्व नाहीच. देवांनी असे केले होते म्हणून आजही काही जण तसेच करतात, असा टोमणा ग्रंथकार मध्येच मारतो. अखेर प्रजापती त्यांना त्यांचा दोष सांगतो : तुम्ही माझी सर्व रूपे मांडत नाही, एक तर मला प्रमाणाबाहेर वाढवता, नाही तर उणा ठेवता. मग तो हिशेब देतो. परिश्रित ३६०, यजुष्मती ३६० आणि वर ३६, लोकंपृणा १०,८००. देवांनी तसे मांडले आणि ते अमर झाले.

या कथेतला 'अपरिमित' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळ केल्याने पुण्य वाढते, ही सर्वसाधारण धार्मिक समजूत. ब्राह्मणकार तिच्या उलट बोलतो. मोजमाप सोडून केलेले कर्म, मग ते देवांनी केलेले का असेना, वाया जाते. काळाला आकार आहे आणि त्या आकाराएवढेच कर्म काळापर्यंत पोहोचते. मृत्यूला येथे संवत्सर म्हटले आहे, कारण दिवस आणि रात्र यांच्या साहाय्याने तोच माणसाचे आयुष्य संपवतो. त्याला जिंकायचे तर त्याच्याच मापाची वेदी रचली पाहिजे, असा हा विचार आहे. कथेचा शेवटही या विचाराला साजेसा आहे. देव अमर झाल्यावर मृत्यू तक्रार करतो, की आता माणसेही याच मार्गाने अमर होतील; मग माझा वाटा कोणता? देव त्याला सांगतात, की यापुढे शरीरासह कोणीही अमर होणार नाही. तू तुझा वाटा म्हणून शरीर घेतल्यावरच ज्याला व्हायचे तो अमर होईल. विटांचा हिशेब चुकता झाला तरी मृत्यूचा हिशेब शिल्लकच राहिला.

प्रत्यक्ष वेदी मात्र बहुधा लहान असे. कृष्ण यजुर्वेदाच्या शुल्बसूत्रांत श्येनाकृती चिती पाच थरांची आणि प्रत्येक थर २०० विटांचा, म्हणजे एकूण १,००० विटांची सांगितली आहे. केरळातील पांजाळ या गावी १९७५ च्या एप्रिलमध्ये नंबुदिरी ब्राह्मणांनी बारा दिवसांचे जे अग्निचयन केले आणि फ्रिट्स स्टाल यांनी ज्याची सविस्तर नोंद केली, त्यातही श्येनाची चिती पाच थरांची आणि हजाराच्या आसपास विटांचीच होती. १०,८०० ही संख्या एका शाखेच्या ग्रंथात मानली गेली. दुसऱ्या शाखेच्या गवंडीकामात वेगळी संख्या मोजली गेली. यात कोणाला विसंगती वाटल्याचे दिसत नाही.

या लोकांना मानलेल्या आणि मोजलेल्या संख्येतले अंतर कळत होते, याचा याहून थेट पुरावा ऐतरेय ब्राह्मणात आहे. एखाददुसरे अक्षर कमीजास्त झाल्याने छंद बदलत नाहीत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. छंदःशास्त्राने पुढे या कमीजास्तपणाला नावेच दिली : एक अक्षर उणे असेल तर निचृत्, एक अधिक असेल तर भुरिज्, दोन उणी असतील तर विराज्, दोन अधिक असतील तर स्वराज्. चुकीला नाव देणे म्हणजे ती मोजली गेली आहे हे मान्य करणे होय. ३६ ही बृहतीची मानलेली संख्या. ३५ किंवा ३७ अक्षरांची ऋचा समोर आली, तर तिला पिळून ३६ केले गेले नाही, आहे तशी राखली गेली. अधिक मासाचेही तसेच. वर सांगितलेल्या यजुष्मती विटांपैकी जास्तीच्या ३६ विटांचा संबंध ब्राह्मणकार अन्यत्र तेराव्या महिन्याशी जोडतो. ३६० च्या नेटक्या वर्षात न मावणारा काळ त्याने वेदीच्या बाहेर फेकला नाही. त्याला वेदीतच जागा दिली.

अनुक्रमणी या वाङ्मयप्रकारात या दोन संख्या शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ऋचा १०,५८० आणि वर एक पाद, पदे १,५३,८२६, अक्षरे ४,३२,००० असा त्या परंपरेचा हिशेब आहे. पहिल्या दोन आकड्यांची अनघड ठेवण पाहावी. १०,५८० वर एक पाद! कोणत्याही विश्वरचनेत अशी संख्या बसत नाही. ती बोटांवर मोजूनच आलेली असणार. तिसरा आकडा गुळगुळीत आहे, कारण तो वरून उतरला आहे. एकाच ओळीत बसलेल्या या तिघांना एकमेकांचा संकोच वाटत नाही.

मग ऋग्वेद राखला गेला तो कोणत्या संख्येमुळे? खरे तर तो बेरजेमुळे राखला गेलाच नाही. तो क्रमामुळे राखला गेला. पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी असा क्रमपाठ. पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे असा जटापाठ. आणि याच गुंफणीत तिसरे पद ओढून घेणारा घनपाठ. महाराष्ट्रातील घनपाठी वैदिकांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जिभेवर जतन केली. घनपाठात पदांची सरमिसळ अशी काही होते, की एक पद गळाले तर पुढची वीण लगेच उसवते. येथे संख्या सांगितली जात नाही; उच्चारली जाते. ४,३२,००० हा आकडा संहितेच्या दारावर कोरलेला, आणि रखवाली मात्र आत, एक-दोन-तीन अशा लहान अंकांनी केलेली.

अशीच रखवाली करणारा दुसरा एक समाज म्हणजे ज्यू लोक. त्यांच्या शास्त्र्यांना हिब्रूत 'सोफेर' म्हणतात. बॅबिलोनी तल्मूदात या नावाची उपपत्ती अशी दिली आहे, की प्राचीन शास्त्री तोरेची सर्व अक्षरे मोजत, म्हणून ते सोफेर, म्हणजे मोजणारे. त्याच ठिकाणी लेवीय ग्रंथातील एका शब्दातला 'वाव' हे तोरेचे मधले अक्षर असल्याचे सांगितले आहे, आणि हस्तलिखितांत ते अक्षर आजही मोठे काढतात. आजच्या तोरेत ३,०४,८०५ अक्षरे आहेत आणि तो 'वाव' खऱ्या मध्यापासून जवळजवळ ४,८०० अक्षरे दूर पडतो. तल्मूदातील पंडितांना शंका आली नाही असे नाही. हा 'वाव' नेमका अलीकडच्या अर्ध्यातला की पलीकडच्या, असे एकाने विचारले. गुंडाळी आणून मोजून पाहू, अशीही सूचना निघाली. उत्तर मिळाले, की पूर्ण आणि ऊन वर्णलेखनाचे ज्ञान पूर्वजांना होते, आपल्याला नाही. संख्या बदलली नाही; अक्षरही हलवले नाही. शतपथकार आणि हे पंडित यांचा एकमेकांशी काही संबंध आल्याचे दिसत नाही, पण दोघांचेही वर्तन सारखे आहे. हिब्रूत मोजणे, सांगणे आणि ग्रंथ हे तिन्ही अर्थ एकाच धातूतून निघतात. संस्कृतातही 'संख्या' आणि 'आख्यान' यांच्या मुळाशी 'ख्या' हा एकच धातू आहे. मोजणे हे एके काळी सांगण्याचाच एक प्रकार होते, याची साक्ष दोन परक्या भाषा देतात.

अशा साम्यांवरून देवाणघेवाणीचे सिद्धांत उभारण्याची घाई मात्र करू नये. ४,३२,००० या संख्येनेच अनेकांना भुरळ घातली आहे. पुराणांतील कलियुग १,२०० दिव्य वर्षांचे, म्हणजे ४,३२,००० मानवी वर्षांचे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बॅबिलोनच्या बेरोसस या पुरोहिताने ग्रीक भाषेत आपल्या देशाचा इतिहास लिहिला; त्यात जलप्रलयापूर्वीच्या दहा राजांची कारकीर्दही ४,३२,००० वर्षेच आहे. साठ हा पाया धरून मोजणाऱ्या बॅबिलोनला ही संख्या सहज सुचणारी होती, आणि ३६० दिवसांच्या वर्षाला तीस मुहूर्तांनी गुणणाऱ्या भारतालाही. सारख्या अवजारांनी सारखे खाचे पडतात. पुढे ज्योतिषाच्या क्षेत्रात देवाणघेवाण झाली हे निर्विवाद आहे. पण शतपथातील ऋचांच्या अक्षरांना त्यासाठी बॅबिलोनला नेण्याची गरज नाही.

याच चयनविधीत मोठ्या संख्यांची यादीही येते. वाजसनेयी संहितेच्या सतराव्या अध्यायात एक, दश, शत, सहस्र येथपासून अयुत, नियुत, प्रयुत, अर्बुद, न्यर्बुद, समुद्र, मध्य, अंत आणि परार्ध अशी तेरा नावे आहेत. परार्ध म्हणजे एकावर बारा शून्ये. गणिताच्या इतिहासकारांनी ही यादी दशमान पद्धतीच्या दृष्टीने अनेकदा उद्धृत केली आहे. तिचा संदर्भ मात्र सहसा सुटतो. वेदीच्या विटा आपल्यासाठी या लोकी आणि परलोकी गाई व्हाव्यात, अशी ती अग्नीकडे केलेली प्रार्थना आहे. गाई किती, तर परार्धापर्यंत. एक अमूर्त शास्त्र म्हणून नव्हे, तर दुभत्याची आशा म्हणून ही गणना एवढी लांब गेली. महाराष्ट्रातील देवळांत रुद्राबरोबर म्हटल्या जाणाऱ्या चमकाच्या अकराव्या अनुवाकात तर यजमान संख्याच मागतो : एकपासून तेहतीसपर्यंतच्या विषम संख्या आणि चारपासून अठ्ठेचाळीसपर्यंतची चाराची पाढेवारी. आणि या पाठाची आवर्तनेही अकराच्या पटीने वाढत जातात. लघुरुद्राची १२१, महारुद्राची १,३३१, अतिरुद्राची १४,६४१. श्रावणी सोमवारी लघुरुद्राला बसलेल्या ब्रह्मवृंदाला अकराचा वर्ग आणि घन यांची आठवण होत नसेल, पण त्यांचा विधी त्यांवरच उभा आहे.

बौद्ध आणि जैन ग्रंथांनी याच पायऱ्यांवरून वर जात निराळा प्रदेश गाठला. ललितविस्तरात बोधिसत्त्व कोटीच्या पुढे शंभर शंभर पटींनी संख्या सांगत जातो आणि परीक्षा घेणारा अर्जुन नावाचा गणिती थक्क होतो. जैनांनी संख्येय, असंख्येय आणि अनंत असे वर्ग पाडले. कोकरांच्या केसांनी खच्चून भरलेला एक योजनाचा खड्डा, शंभर वर्षांनी एक केस या गतीने रिकामा करण्याचे कालमान कल्पिले. तेथे संख्येचा हेतू बदलला आहे. वेदीवरची संख्या काळाला कवेत घेऊ पाहत होती; ही संख्या काळ कवेत येत नाही, याची जाणीव करून देते. संसार किती दीर्घ आहे हे कळल्याशिवाय त्यातून सुटण्याची निकड वाटत नाही.

वैदिक परंपरेने मात्र शेवटी उलटी वाट धरली, आणि तीही शतपथातच. या ब्राह्मणाच्या शेवटच्या कांडात बृहदारण्यक उपनिषद समाविष्ट आहे. जनकाच्या सभेत विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, की देव किती? ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात अग्नीची पूजा करणाऱ्या देवांची संख्या ३,३३९ आहे. याज्ञवल्क्य येथे ३,३०६ असे उत्तर देतो. शाकल्य ते मान्य करतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. उत्तर येते, तेहतीस. पुन्हा प्रश्न, सहा. मग तीन, मग दोन, मग दीड, मग एक. बाकीच्या त्या तेहतिसांच्या विभूती, असे याज्ञवल्क्य सांगतो. तेहतीस म्हणजे आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. आपल्याकडे 'तेहतीस कोटी' म्हणजे तेहतीस प्रकार, असा खुलासा हल्ली हिरिरीने केला जातो. तो या यादीला लागू पडेल. पण ज्या सामान्य माणसाने शतकानुशतके कोटीचा अर्थ शंभर लक्ष असाच घेतला आणि तेवढ्या देवांना गाईच्या पोटात जागा दिली, त्याची श्रद्धा त्यामुळे चुकीची ठरत नाही.

या संवादातले सर्वांत विलक्षण उत्तर दीड हे आहे. दीड देव कोणता? वाहणारा वारा. तो एकच असून त्याला दीड का म्हणायचे, तर त्याच्यात हे सारे समृद्ध होते म्हणून. 'अध्यर्ध' या शब्दावरचा हा श्लेष. पूर्णांकांच्या उतरंडीत हा अर्धा अचानक येतो आणि सगळी मांडणी हलवून जातो. ७२० ला भाग न जाणाऱ्या संख्या मुकाट्याने ओलांडणारी हीच परंपरा येथे अपूर्णांकाला देवत्व देते. एकावर आल्यावर याज्ञवल्क्य सांगतो, की तो प्राण. त्यालाच ब्रह्म म्हणतात. शाकल्याचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. उपनिषदातील पुरुषाविषयी याज्ञवल्क्याने उलट विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला आले नाही, त्याचे मस्तक गळून पडले आणि त्याची हाडेही, भलतेच काही समजून, चोरांनी नेली.

ऋग्वेदाची पदे सुटी करून त्याचा पदपाठ सिद्ध करणाऱ्या आचार्याचे नावही शाकल्यच आहे. हे दोघे एकच असावेत, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. त्याला पुरेसा आधार नाही. पण देव किती हे पुनःपुन्हा विचारत बसणारा आणि संहितेतले प्रत्येक पद वेगळे करून मांडणारा यांना परंपरेने एकच नाव दिले, एवढे मात्र खरे.